नागपूरची गादी, वर्ध्याचा दरबार

तुम्हाला 1938 सालात सोडतो आहे. अटी दोनच. तिथं पुढचं काही कुणाला सांगायचं नाही. सांगितलंत तरी कुणी ऐकणार नाही. आणि मोबाइल इथंच ठेवून छत्री घ्यायची. जुलै संपत आलाय, आषाढाचे शेवटचे दिवस आहेत, आणि वर्ध्याची काळी माती या दिवसांत पायातली वहाण ओढून ठेवून घेते.

तारीख 25 जुलै. वर्धा स्टेशन. नागपूरकडून आलेल्या गाडीतून खादीच खादी उतरते आहे. त्यात बगलेत वह्या मारलेले वार्ताहरही आहेत. स्टेशनबाहेर टांगेवाला तुमच्याकडे एकदा बघतो आणि पत्ता न विचारताच म्हणतो, "बजाजवाडी ना जी?" या आठवड्यात वर्ध्याला उतरणारा बरा कपडेवाला माणूस दुसरीकडे जातच नाही. जमनालाल बजाजांच्या पाहुणेघरात काँग्रेसची कार्यकारिणी बसली आहे, आणि तिच्यापुढे मध्यप्रांत-वऱ्हाडचं सरकार.

"काय चालू आहे तिथं?" तुम्ही वेड पांघरून विचारता.

"काय सांगू जी. बुधवारी एक सरकार होतं, गुरुवारी दुसरं आलं, शनिवारी तेबी गेलं म्हून राह्यले लोकं. आता कोनतं हाय, तुमीच सांगा." घोड्याला चुचकारून तो पुढं म्हणतो, "खरेसाहेब मानूस चांगला होता पन."

"होता" म्हणतो. माणूस अजून जिवंत आहे, याच गावात आहे, वय चोपन्न. तरी टांगेवाल्याने भूतकाळ वापरला. वर्ध्यात त्या दिवशी सगळेच तो वापरत होते.

डॉक्टर नारायण भास्कर खरे. 1884 चा जन्म, पनवेलचा. लाहोरहून एम.डी. झालेले, सरकारी नोकरी सोडून नागपुरात स्थायिक झालेले, तुरुंग पाहिलेले. 1937 च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या 112 जागांपैकी 70 काँग्रेसने जिंकल्या आणि जुलैमध्ये खरे प्रांताचे पंतप्रधान झाले. त्या काळी प्रांताच्या मुख्यालाही पंतप्रधानच म्हणत, आणि काँग्रेसच्या अध्यक्षाला राष्ट्रपती. नुसत्या या दोन शब्दांनी एखाद्याचं डोकं फिरावं.

अरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकाला एक अट घातली आहे. तो पुरता सज्जन नको, पुरता दुष्टही नको. उंचीवर असलेला आणि चुकीने कोसळणारा हवा. खरे या अटीत नेमके बसतात. म्हणूनच तुम्हाला इथं आणलं. नाटक बघायला नाटकगृहातच जावं लागतं असं नाही.

टांगा थांबवा. बजाजवाडीत शिरण्याआधी पाच रात्री मागे जाऊ, नागपूरला.

20 जुलै, बुधवार. रात्र. तुम्ही सिव्हिल लाइन्सच्या ओल्या रस्त्यावर उभे आहात. घराघरांत दिवे मालवलेले, पण मंत्र्यांच्या बंगल्यांत आणि गव्हर्नरच्या हवेलीत मालवलेले नाहीत. खऱ्यांनी आज राजीनामा दिलाय. का? मंत्रिमंडळ दुभंगलेलं आहे म्हणून. एकीकडे हिंदी भाषक महाकोशलचे तिघे: रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र, दुर्गाशंकर मेहता. दुसरीकडे नागपूर-वऱ्हाडचे मराठी: खरे स्वतः, अकोल्याचे पु. ब. गोळे, रामराव देशमुख. मे महिन्यात पचमढीच्या थंड हवेत वल्लभभाईंनी आणि इतर पुढाऱ्यांनी दोन्ही बाजूंना बसवून समेट केला होता. तो पावसाळ्यापर्यंतसुद्धा टिकला नाही. गोळे आणि देशमुख आधीच बाहेर पडलेत.

प्रधान बदलायचे तर वरिष्ठांना विचारून बदलावेत, हे खऱ्यांना माहीत आहे. कार्यकारिणी वर्ध्याला दोन-तीन दिवसांवर भरणार आहे, हेही माहीत आहे. पण ते थांबत नाहीत. कायद्याच्या पुस्तकात एक सोपा रस्ता आहे: पंतप्रधानाने राजीनामा दिला की सारं मंत्रिमंडळ जातं, आणि गव्हर्नरने पुन्हा त्यालाच बोलावलं की त्याला हवी ती माणसं घेता येतात. शुक्ल, मिश्र, मेहता राजीनामा द्यायला नकार देतात. पक्षाचा हुकूम आल्याशिवाय आम्ही हलणार नाही, म्हणतात. मध्यरात्र उलटते. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांची पत्रं निघतात. पहाटेच्या सुमारास तिघे बडतर्फ होतात, आणि 21 तारखेला खरे नव्या मंत्र्यांसह शपथ घेतात.

या रात्री तुमच्या पोटात काहीतरी ढवळतं, कारण ही रात्र तुम्ही पाहिलेली आहे. शिवराम महादेव परांजप्यांनी ‘मॅकबेथ’चा ‘मानाजीराव’ केला तेव्हापासून मराठी प्रेक्षकाला ती तोंडपाठ आहे. काम रात्रीत उरकायचं आणि उजाडायच्या आत हात धुऊन मोकळं व्हायचं. दार ठोठावण्याचा आवाज तिथंही पहाटेच येतो. नागपुरात रक्त सांडलं नाही, ही गोष्ट लहान नाही, आणि खऱ्यांना खुनी म्हणण्याइतका मी बावळट नाही. पण जे काम उजेडात करायची लाज वाटत नाही ते माणूस रात्री तीनला करत नाही.

त्याहून मला जास्त बोचतो तो हात. तिघा काँग्रेस मंत्र्यांना काढायला खऱ्यांनी इंग्रज गव्हर्नरचा हात वापरला. काकासाहेब खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ नाटक 1909 सालचं; म्हणजे नागपुरातल्या चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही नाटकवेड्या मराठी माणसाला राघोबादादा माहीत होता. घरातलं भांडण परक्या हाताने सोडवायला गेलं की काय होतं, हे त्या माणसाच्या सबंध आयुष्यातून कळतं: आधी गारदी, मग सुरतेचा तह. खऱ्यांना राघोबा त्या रात्री आठवला नाही. महत्त्वाकांक्षेचं पहिलं लक्षण मला हेच वाटतं. आधी पाहिलेली नाटकं विसरायला होतात.

एवढ्यावरून त्यांना खलनायक ठरवू नका. नव्या मंत्र्यांची यादी वाचा. छत्तीसगडचे ठाकूर प्यारेलाल सिंह त्यात आहेत. अग्निभोज आहेत, दलित समाजातले. 1938 साली मंत्रिमंडळात दलित माणूस घेणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढे खऱ्यांनी सांगितलं की गांधींना ही नेमणूक रुचली नव्हती, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 च्या आपल्या पुस्तकात ही हकीकत घेऊन काँग्रेसला जाब विचारला. नेमणूक न्यायाची होती की भांडणातली ढाल होती? दोन्ही असेल. माणसाच्या हातून बरीच चांगली कामं भांडणातच होतात.

आता परत वर्ध्याला चला. 22 जुलैची रात्र आणि 23 ची सकाळ. खऱ्यांना बोलावणं गेलंय. नागपूर ते वर्धा पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, म्हणजे तुमच्या आजच्या महामार्गावरून चहा प्यायला थांबून दीड तास. पण हा प्रवास तेवढ्या अंतराचा नाही. नागपूरला सचिवालय आहे, विधानसभा आहे, गव्हर्नर आहे, लाल गालिचे आहेत. वर्ध्याला एका कापूस-व्यापाऱ्याचं पाहुणेघर आहे, जमिनीवर गाद्या आहेत, लोडाला टेकून बसलेली काही माणसं आहेत. सत्ता कुठं आहे हे खऱ्यांना वर्षभर नागपुरात राहून कळलं नव्हतं. वर्ध्याच्या गादीवर मांडी घातल्यावर कळलं.

अध्यक्षस्थानी सुभाषचंद्र बोस आहेत, जानेवारीत निवडून आलेले आणि फेब्रुवारीत हरिपुऱ्याच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले. समोर सरदार पटेल, मौलाना आझाद, राजेंद्रबाबू ही पार्लमेंटरी उपसमिती. तुम्ही दाराशी उभे आहात, बाहेर छपराचं पाणी पडतंय, त्यामुळे आतलं बोलणं नीट ऐकू येत नाही. दिसतं ते इतकंच की आत गेलेला माणूस पंतप्रधान होता आणि 23 तारखेला गव्हर्नरला राजीनामा कळवल्यावर बाहेर आलेला माणूस नव्हता. दोन दिवसांचं मंत्रिमंडळ. आपल्या टांगेवाल्याचा शनिवार तो हा.

नाटक इथं संपलं असतं तर मी तुम्हाला आणलं नसतं. राजीनामे रोज होतात. पुढचा अंक सेगावात आहे.

सेवाग्राम हे नाव अजून पडलेलं नाही. ते 1940 मध्ये पडेल. गांधी इथं 1936 पासून राहताहेत. वर्ध्याहून पाच मैल. तुम्ही रेंगीत बसा, बैल चिखलातून चाक काढतील. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी गुडघ्याच्या खाली, मध्ये तुरीचे तास. उघडीप मिळाली आणि वाफसा आला की डवरे घालायचे म्हणून शेतकरी बांधावर उभे राहून आभाळ बघताहेत. त्यांच्यातल्या एकालाही मंत्रिमंडळाची काळजी दिसत नाही.

कुटी तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिली असेल. कुडाच्या भिंती, मातीचा गिलावा, बांबू, कौलं, खाली चटई. खुर्ची नाही. साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा मात्र आहे, कारण इथं साप मारत नाहीत, धरून लांब सोडतात. पावसाने भिंतीला ओल आली आहे, शेणाने सारवलेल्या जमिनीचा वास आहे. या खोलीत 25 तारखेला खऱ्यांना आणलं जातं.

इथं काय शब्द बोलले गेले ते मी तुमच्या कानांत भरणार नाही. ज्याने त्याने आपापल्या सोयीने सांगितलंय. तुम्ही कागदाकडे बघा. खऱ्यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर निवेदन करावं असं ठरतं, मसुदा होतो, आणि मग गांधींची लेखणी त्या मसुद्यावरून चालते. इथं एक ओळ वाढते, तिथं एक शब्द बदलतो. चूक झाली, शिस्त मोडली, आता या जागेवर राहायला मी लायक नाही, असा त्या कागदाचा रोख होत जातो. खऱ्यांसारख्या माणसाला काय वाटलं असेल? नागपूरचा डॉक्टर, पेशंटची नाडी बघून औषध लिहून देणारा. आज त्याच्याच आजाराचं निदान दुसरा लिहितोय आणि त्याने खाली सही करायची.

‘भाऊबंदकी’वाल्यांना इथं ‘ध’चा ‘मा’ आठवेल. आठवू द्या. फरक एवढा की तो बदल चोरून झाला होता आणि हा समोर बसून.

खरे विचार करायला वेळ मागतात. कागद घेऊन नागपूरला परततात. आणि सही करत नाहीत.

हा क्षण मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा वाटतो. 20 तारखेच्या रात्री त्यांची हाव दिसली. 25 तारखेनंतर त्यांचा कणा दिसतो. सही केली असती तर दोन-चार वर्षांनी काँग्रेसने त्यांना परत घेतलंही असतं, क्षमा मागणाऱ्याला गांधींनी कधी दूर ठेवलं नाही. पण शोकांतिकेचा नायक सही करत नाही. मानाजीरावही शेवटी रान चालून आलेलं पाहून तलवार टाकत नाही.

26 जुलैला कार्यकारिणीचा ठराव. त्यात खऱ्यांवर ठपका आहे तो निर्णय घेण्यात गंभीर चुका केल्याचा, आणि काँग्रेसमध्ये जबाबदारीच्या जागेला ते लायक नसल्याचा. गंमत बघा, अरिस्टॉटल नायकाच्या पतनाचं कारण म्हणून दुष्टपणा सांगत नाही, चूक सांगतो. वर्ध्याच्या गादीवर बसून तो ठराव लिहिणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात ग्रीक नाटक असेल असं नाही, पण कलम नेमकं लागू पडलंय. 27 तारखेला वर्ध्यातच पक्षाची सभा होते, नेता निवडला जातो, आणि नेता होतात रविशंकर शुक्ल. बुधवारी रात्री ज्यांना काढलं तेच. गांधी ऑगस्टच्या सुरुवातीला ‘हरिजन’मध्ये लिहितात की लढणाऱ्या काँग्रेसला सेनेसारखी शिस्त हवी. सप्टेंबरात दिल्लीला महासमिती शिक्का मारते. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला नागपूरच्या विधानसभेत मराठी भागाचा वेगळा महाविदर्भ प्रांत करावा असा ठराव येतो. मांडणारे रामराव देशमुख. वेगळ्या विदर्भाबद्दल आजही तावातावाने बोलणाऱ्यांनी या जुलैची आठवण ठेवायला हरकत नाही.

तर मग या नाटकात न्यायाधीश कोण? ‘भाऊबंदकी’त रामशास्त्री आहे. तो देहान्त प्रायश्चित्त सांगतो आणि दरबार सोडून चालता होतो. वर्ध्याच्या न्यायाधीशांपैकी दरबार सोडून कुणी गेलं नाही. मिश्र, शुक्ल, सरदार, सगळ्यांनाच काही ना काही हवं होतं, आणि बहुतेकांना ते मिळालं. शुक्ल 1956 अखेर, मरेपर्यंत मुख्यमंत्री राहिले. मिश्रांनाही 1963 मध्ये भोपाळची खुर्ची मिळाली. म्हणून खऱ्यांची महत्त्वाकांक्षा तेवढी पाप आणि बाकीच्यांची देशसेवा, हा हिशेब मला पटत नाही. त्यांची महत्त्वाकांक्षा बेलगाम म्हणायची ती एवढ्याच अर्थाने की तिला दोन दिवससुद्धा दम धरवला नाही.

आता सात महिने पुढे, फक्त डोकावून. 22 फेब्रुवारी 1939, पुन्हा वर्धा. तीच कार्यकारिणी, पण अध्यक्षाची जागा रिकामी. सुभाषबाबू ज्वराने आजारी आहेत, येऊ शकले नाहीत. गांधींच्या इच्छेविरुद्ध ते पुन्हा निवडून आलेत, आणि त्यांच्या कार्यकारिणीतले पटेल, राजेंद्रबाबू आणि इतर मंडळी मिळून बारा जण राजीनामे देऊन मोकळे होतात. एप्रिल संपण्याआधी सुभाषबाबूंनाही अध्यक्षपद सोडावं लागतं. खऱ्यांना काढण्याच्या बैठकांना जे अध्यक्ष होते त्यांच्यावर त्याच गावात, त्याच मंडळींनी ही पाळी आणली. सुभाषबाबूंची तुलना खऱ्यांशी करावी असं मी म्हणत नाही. माणसं वेगळी, मोठेपण वेगळं. पण जुलैत ठरावावर बोटं उचलताना त्यांच्या मनात शंकेची एक पाल तरी चुकचुकली असेल का, हे तुम्ही तिथं उभे राहून त्यांच्या चेहऱ्यावर शोधा. मला सापडलं नाही.

खऱ्यांचं पुढचं आयुष्य मी झरझर दाखवतो, कारण ते बघवत नाही. 1943 साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जातात. काँग्रेसचे सगळे पुढारी तुरुंगात असताना, ही गोष्ट विसरू नका. तिथं दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या बाजूने ते कडक उभे राहतात, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. 1947 मध्ये अलवर संस्थानचे पंतप्रधान. गांधीहत्येनंतर महाराजांबरोबर त्यांच्यावरही संशय आला, दिल्लीत थांबवून ठेवलं गेलं; शाबीत काही झालं नाही. मग हिंदुमहासभेचं अध्यक्षपद. 1950 मध्ये दिल्लीतून हद्दपारीच्या हुकुमाविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. कायद्याचे विद्यार्थी ‘खरे विरुद्ध दिल्ली राज्य’ म्हणून तो खटला अजून वाचतात. 1952 मध्ये ग्वाल्हेरहून लोकसभेत. 1957 मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीबद्दल पुन्हा सर्वोच्च न्यायालय. त्या निवडणुकीत उभे असलेले राजेंद्रप्रसाद म्हणजे बजाजवाडीतल्या त्या उपसमितीतले एक, हे सांगायला नकोच.

मॅकबेथ सुखी म्हणायचा. पाचव्या अंकात तो मरतो. खऱ्यांना त्या एका आठवड्यानंतर बत्तीस वर्षं जगावं लागलं. ज्या घरातून बाहेर काढलं त्या घराच्या विरोधातल्या जवळजवळ प्रत्येक दारात ते उभे राहिले: व्हाइसरॉय, संस्थानिक, हिंदुमहासभा, कोर्ट. यातलं किती तत्त्वाचं आणि किती जुलैतल्या जखमेचं, याची वाटणी त्यांना स्वतःला तरी करता आली असती का? राघोबा कोपरगावी जाऊन थकला. हे थकले नाहीत. 1970 पर्यंत.

माझा निकाल विचाराल तर असा. खऱ्यांना गादी बळकवायची नव्हती, गादीवर ते बसलेलेच होते. ती पूर्णपणे आपली आहे हे त्यांना सिद्ध करून दाखवायचं होतं, आणि ती तशी कधीच नव्हती. 70 आमदार निवडून आले ते काँग्रेसच्या नावावर. हे न ओळखणं ही त्यांची चूक. पण निवडून आलेल्या पंतप्रधानाने आपले सहकारी स्वतः निवडावेत, हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. वर्ध्यात त्या म्हणण्याचा विचारच झाला नाही, आणि मुख्यमंत्री कोण असावा हे राज्याच्या राजधानीबाहेर ठरवायची सवय आपल्याला तेव्हापासून लागली ती सुटलेली नाही.

आता परत या. छत्री झटकून ठेवा. खऱ्यांनी आपली बाजू ‘माय डिफेन्स’ या पुस्तिकेत आणि नंतर राजकीय आठवणींच्या पुस्तकात मांडली आहे. गांधींचे त्या ऑगस्टमधले लेख त्यांच्या समग्र वाङ्मयात आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, आणि एकाच बाजूचं वाचून मत देणाऱ्याचं ऐकू नका. त्यात मीही आलो.